जिल्ह्याचा आवाज

गुणवंतराव भोयर सरांचा सत्कार आधी झाला आणि त्यांची निवड नंतर फेटाळली गेली. यात सरांचा काही दोष नव्हता. यवतमाळात सत्कार निकालासाठी थांबत नाही. निकाल कधीही लागू शकतो. पण शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचा मोकळा रविवार या तिन्ही गोष्टी एकत्र हाताला लागणं दुर्मीळ असतं.

सुरुवात साधी होती. निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला. हैदराबादची एक संस्था फोनवर बोलणाऱ्या यंत्रांना आपल्याकडचं इंग्रजी शिकवत होती. गॅसचा नंबर लावायचा असो की विम्याची चौकशी करायची असो, माणसानं आपल्या पद्धतीनं बोलावं आणि यंत्राला ते कळावं, असा बेत होता. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यातून एक आवाज हवा होता. 'यवतमाळ जिल्ह्यातील इंग्रजी' एवढे तीन शब्द वाचून गुणवंतरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. जिल्ह्यातलं इंग्रजी म्हणजे कोणाचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. गंगा कुठून निघते हा प्रश्न गंगोत्रीला पडत नाही.

सर मूळचे बोरी अरबचे. कापसाच्या गाडीवर बसून शाळेत गेलेला हा मुलगा पुढे यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि त्यानं आपली जीभ रेडिओवरच्या इंग्रजी बातम्यांवर घासूनपुसून अशी लख्ख केली की तिच्यावर कुठल्याही गावाच्या मातीचा डाग उरला नाही. जाता जाता त्यांनी मराठीही घासून घेतली. बायको विमलताई मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवूनही घरी वऱ्हाडीच बोलत. सरांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांना एकदा सुधारून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तर सरांनी आपला आवाज फोनवर नोंदवून पाठवला आणि ही गोष्ट विमलताईंना सांगितली. विमलताईंनी ती कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या हिरासिंग राठोडांना सांगितली. हिरासिंग एसटीत कंट्रोलर होते. बसस्टँडच्या भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि एखादी गोष्ट कळणं आणि ती पुकारणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे त्यांना निवृत्तीनंतरही पटलेलं नव्हतं. दोनच दिवसांत ज्ञानदीप कॉलनीच्या तोंडाशी, दारव्हा रोडवर, फ्लेक्स लागला. 'कॉलनीचे भूषण, यवतमाळ जिल्ह्याचा आवाज, प्रा. गुणवंतराव भोयर सर यांचे हार्दिक अभिनंदन.' मधोमध सरांचा निरोप समारंभातला फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत हिरासिंगांचा फोटो सरांच्या फोटोहून किंचित मोठा होता. फ्लेक्सवाल्याची चूक, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"राठोड, अजून निवड व्हायची आहे," सर म्हणाले.

"होते ना जी. तुमची नाई होईन तं कोनाची होईन? बाकीचे इंग्रजी बोलतेत. तुमी तं पुस्तक वाचल्यावानी बोलता."

सरांना ही स्तुती वाटली. ती तक्रारही असू शकते, हे कळायला पुढचा महिना जावा लागला.

रविवारी गणपतीच्या मंदिरामागच्या हॉलमध्ये सत्कार झाला. सर 'भाषेची शुद्धता' या विषयावर बोलले. श्रोते शांत होते. मंगळवारी हैदराबादहून फोन आला. बोलणाऱ्या मुलीचं नाव निकिता. ती पुसदकडचीच निघाली, त्यामुळे आवाजात अदब होती आणि बातमी सांगायला जड जात होतं.

"सर, तुमचं रेकॉर्डिंग खूप सुंदर आहे. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पण तपासणीत ते नापास झालंय."

नापास हा शब्द सरांनी आयुष्यभर फक्त एकाच दिशेनं जाताना पाहिला होता. "कारण?"

"'बोलणारी व्यक्ती या भागातली वाटत नाही,' असा शेरा आहे."

"मी बोरी अरबचा आहे."

"हो सर. तुम्ही आहात. तुमचं इंग्रजी नाहीये."

सरांनी फोन ठेवला. दिवाणखान्याच्या खिडकीतून कॉलनीचं तोंड दिसे, आणि कॉलनीच्या तोंडाशी स्वतः गुणवंतराव वाऱ्यावर फडफडत हसत होते.

ही बातमी घरातच ठेवायची असं ठरलं. त्यामुळे हिरासिंग संध्याकाळी आले. त्यांच्या पाठोपाठ पलीकडच्या घरातल्या कांताबाई आल्या. कांताबाई निवृत्त नर्स. कुठल्याही घरात कोणी आडवं झालं की त्या जातच. कोणाचा मान आडवा झाला तरी जावं असं त्यांना वाटलं असावं.

"फ्लेक्स काढून टाका अन् मोकळे व्हा," विमलताई म्हणाल्या.

"फ्लेक्स काढला तं लोक विचारतीन, काहून काढला," हिरासिंग म्हणाले. "लावला तवा कोनं विचारलं का, काहून लावला? नाई. म्हनून राहू द्या. सर, डू वन थिंग."

इथे थोडं थांबायला हवं. 'डू वन थिंग' या तीन शब्दांवर सरांचा जुना राग होता. उत्तरपत्रिकांमध्ये ते दिसले की त्यांची लाल शाई आपोआप खाली येई. इंग्रजांच्या देशात असं कोणी म्हणत नाही, असं त्यांचं मत होतं. शिवाय त्यांच्या असं लक्षात आलं होतं की हे शब्द उच्चारणाऱ्याला ती एक गोष्ट कोणती हे त्या क्षणी ठाऊक नसतं. आधी वाक्य फेकायचं, सगळ्यांना थांबवायचं, मग विचार करायचा. हिरासिंगही आता पंख्याकडे पाहत विचार करत होते.

"रहिवासी दाखला काढा," अखेर ते म्हणाले. "सरकारी शिक्का पाह्यला की मशीन काय, मशीनचा बाप मानते."

सरांसारख्या माणसानं हा सल्ला मानला, यावरून त्यांची अवस्था कळावी. यवतमाळच्या सेवा केंद्रात त्यांना सांगण्यात आलं की जन्म बोरी अरबचा, तर कागद तिथल्या तालुक्याहून आणा. तालुक्याच्या खिडकीत बसलेला तरुण सभ्य होता. त्यानं अर्ज पाहिला, सरांचं बोलणं ऐकलं आणि विचारात पडला.

"साहेब, तुमी पुन्याकडले ना?"

"मी इथलाच आहे. आपण कृपया जन्मनोंद तपासावी."

"नाई, 'कृपया' म्हनता म्हनून विचारलं."

रांगेतल्या लोकांना आता या प्रकरणात रस वाटू लागला. दाखला मागायला आलेला माणूस असं बोलत नाही, यावर रांगेचं एकमत झालं. सर कसलीशी परीक्षा घ्यायला आलेले अधिकारी असावेत, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून धोतर नेसलेला एक म्हातारा पुढे आला. डोळे बारीक करून त्यानं सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू गुन्या ना बे? किसन भोयरचा? वयखलं नाई का मले? उकंडा."

सरांना ओळख पटली. उकंडा आणि ते एकाच पाटीवर शिकले होते. त्या क्षणी मात्र ही ओळख पटू नये असं त्यांना वाटून गेलं.

"हा पुन्याचा नोहे," उकंडानं खिडकीत डोकं घालून जाहीर केलं. "हा गुन्या हाये. ह्याच्या नाकात कापसाची सरकी अडकलती, माह्या बापानं काढली."

कागदोपत्री पुरावा म्हणून याची नोंद झाली नाही, पण खिडकीतल्या तरुणाचा संशय मिटला. दाखला निघाला. सरांनी त्याचा फोटो काढून हैदराबादला पाठवला आणि निकितानं तो बराच वेळ पाहिला असावा, कारण तिचा फोन उशिरा आला.

"सर, दाखल्यावरून तुम्ही तिथले आहात हे कळतं. तुमचं इंग्रजी तिथलं आहे, हे दाखल्यात लिहिलेलं नाही. डू वन थिंग सर..."

हैदराबादपर्यंत पोहोचलंय, सरांच्या मनात आलं.

"...घरी बोलता तसं मोकळं बोलून पाठवा. अगदी आपल्याकडचं."

सर घरी असंच बोलत. अडचण तीच होती. पण फ्लेक्स दारात होता, शाल कपाटात होती, आणि बाजारात भेटणारा प्रत्येक जण 'काय सर, आवाज कवा येते फोनवर?' असं विचारत होता. सरांनी जन्मभर जे खोडलं तेच शिकायचं ठरवलं. शिकवणी हिरासिंगांनी घेतली.

"सर, थोडं ढिलं सोडा. 'आय ॲम कमिंग' नोका म्हनू. 'आय ॲम कमिंग तं, व्हाय यू आर टेकिंग टेन्शन' असं म्हना."

सरांनी म्हटलं. त्यातला 'तं' त्यांनी असा उच्चारला, जसा एखादा शाकाहारी माणूस दुसऱ्याच्या ताटातलं हाड चिमटीत उचलतो. विमलताईंना स्वयंपाकघरात अचानक काम आठवलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ पदर तोंडावर धरल्यासारखी शांतता होती. तरीही सरांनी चिकाटीनं अर्धा तास भरला आणि पाठवून दिला.

या वेळी शेरा लवकर आला. 'बोलणारी व्यक्ती नक्कल करत आहे.'

पहिल्यांदा ते परके ठरले होते. आता सोंगाडे ठरले. त्या रात्री सर जेवले, पण चटणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी निकितानं तोडगा काढला. एकट्याचा आवाज राहू द्या, दोघातिघांचं बोलणं नोंदवून पाठवा, जमवणारे म्हणून तुमचं नाव लागेल. फ्लेक्सवरच्या मजकुराला यानं अगदीच बाध येत नव्हता. सरांनी दिवाणखान्यात फोन मांडला आणि शेजाऱ्यांना बोलावलं. हिरासिंग खोकले, ताठ बसले आणि म्हणाले, "रिस्पेक्टेड लिसनर्स, इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू ऑल." पुढे त्यांनी एसटीच्या परिपत्रकासारखं काहीतरी सांगितलं, ज्यात कोणीही कर्ता नव्हता. कांताबाई "गुड मॉर्निंग एव्हरीबडी" म्हणाल्या. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. त्यानंतर त्या पदराच्या टोकाच्या घड्या घालत बसल्या. समोर सर बसले होते, किंचित पुढे झुकून; आणि त्यांची उजवी तर्जनी त्यांच्याही नकळत वर झालेली होती.

"तुमी समोर बसले की मानसं पेपर सोडवल्यावानी करतेत," विमलताई म्हणाल्या. "असं इंग्रजी भेटनार नाई तुमाले. इंग्रजी पाह्यजे तं भांडनात या."

"कुठल्या भांडणात?"

"आपल्या. कॉलनीच्या."

"आपल्या कॉलनीत भांडणं होत नाहीत," सर म्हणाले.

हिरासिंगांनी पंख्याकडे पाहिलं. कांताबाईंनी बांगड्या मोजायला घेतल्या.

ज्ञानदीप कॉलनीत भांडण नाही, हा सरांच्या आयुष्यातला एक मोठा अभिमान होता. सगळ्या घरांना मिळून एक बोअर, बोअरला एक मोटर, आणि उन्हाळा यवतमाळचा. तरीही पहिल्या वर्षानंतर कधी आवाज चढलेला त्यांनी ऐकला नव्हता. सुशिक्षित वस्तीचा परिणाम, असं ते इतर प्राध्यापकांना सांगत आणि 'सुशिक्षित' म्हणताना नम्रपणे खाली पाहत.

"होतेत ना सर," हिरासिंग शेवटी म्हणाले. "चांगली होतेत. इंग्रजीत होतेत. तुमची स्कूटर कोपऱ्यावर वळली की बंद करतो आमी."

"पण का?"

"पयल्या वर्षी तुमी मोटरच्या भांडनात आलते. मी वाक्य बोललो, तुमी ते दुरुस्त केलं. मंग त्याच्यापेक्षा एक चांगला शब्दही देल्ला. बराबर होता तुमचा शब्द. पन भांडन गेलं ना वाया. एकदा शुद्ध झालं की राग राह्यतच नाई."

"मुळात इंग्रजीत का भांडता?"

यावर हिरासिंगांनी खुर्ची पुढे ओढली. हा विषय त्यांचा होता. "मराठीत भांडलं तं मनाले लागते सर. इंग्रजीत भांडलं तं कानालेच लागते. दुसऱ्या दिवशी एकमेकाच्या घरी चहा पेता येते. अन् पाहा, मी आमच्या बंजाऱ्याच्या गोरमाटीत सुरू झालो तं वहिनीले समजनार नाई. वहिनी वऱ्हाडीत सुरू झाल्या तं मी टिकनार नाई. इंग्रजी कोनाच्याच बापाची नाई. बराबरीची कुस्ती होते."

सर विमलताईंकडे वळले. "तूसुद्धा?"

"मी काय मौन घेतलं हाये? कांताबाई पंच राह्यते, मी अन् राठोड भाऊ खेळतो."

"माझ्याशी तू कधी इंग्रजीत भांडली नाहीस."

"तुमच्याशी भांडाले मराठीच लागते," विमलताई म्हणाल्या.

सरांना मुद्दा पोहोचला. मनालाच पोहोचला.

आता भांडण नोंदवायचं ठरलं. तिघांचीही हरकत नव्हती; उलट हिरासिंगांनी दाढी केली. पण ठरवून केलेलं भांडण पाहुण्यांसारखं वागतं. "प्लीज, यू फर्स्ट," "नो नो, लेडीज फर्स्ट" याच्या पलीकडे गाडी जाईना. तेव्हा असं ठरलं की खऱ्या भांडणाची वाट पाहायची. कुंपणाच्या भिंतीवर, कुंडीच्या आडोशाला, फोन कायम तयार ठेवायचा, आणि सरांनी त्या आसपास दिसायचं नाही. ते रोज सकाळी स्कूटर मोठ्यानं सुरू करून कोपऱ्यापर्यंत जात, ती किराणा दुकानापाशी लावत आणि मागच्या गल्लीतून चोरासारखे आपल्याच स्वयंपाकघरात शिरत. किराणा दुकानदारानं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "सर, घरी काही बिनसलं हाये काय?" सर म्हणाले, "नाही, बिनसायची वाट पाहतोय." दुकानदारानं त्यानंतर त्यांना काही विचारलं नाही, मात्र स्कूटरवर सावलीसाठी पोतं टाकून ठेवू लागला.

भांडणाला उन्हाळ्यानं हात दिला. विमलताईंनी गच्चीवर कुरोड्या घातल्या होत्या. गहू भिजवून, चीक काढून, शिजवून, साच्यातून पाडून, दोन दिवस उन्हात राखण केलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरोड्या. त्या दिवशी मोटर चालू करायची पाळी हिरासिंगांची होती. त्यांनी केली. बंद करायची पाळी कोणाची, हे ते विसरले. त्याच गच्चीवरची टाकी भरली, वाहिली आणि कुरोड्या परत चीक होऊन पन्हाळीतून खाली येऊ लागल्या.

विमलताई स्वयंपाकघरात होत्या, सरही होते. पन्हाळीतून काय येतंय हे त्यांनी पाहिलं. त्या दाराकडे निघाल्या, थांबल्या, परत आल्या, डब्यातला गुळाचा मोठा खडा काढून सरांच्या तोंडात कोंबला आणि मग बाहेर गेल्या. सरांचं बोलणं बंद झालं. कुंपणापाशी पुढीलप्रमाणे सुरुवात झाली.

"मिस्टर राठोड. व्हॉट इज धिस?"

"वहिनी, आय वॉज जस्ट गोइंग टू ऑफ द मोटर, तेवढ्यात फोन केम."

"फोन केम अँड कुरोड्या वेंट. टू डेज आय ॲम स्टँडिंग इन धिस ऊन. टू डेज."

"काइंडली डोन्ट शाउट. आय ॲम शुगर पेशंट."

"शुगर पेशंट इन युअर हाऊस. निअर माय वॉल यू आर ओनली राठोड."

खिडकीच्या जाळीमागे सरांची तर्जनी वर गेली. त्यांनी ती डाव्या हातानं धरून खाली आणली. पहिल्या चार वाक्यांतल्या चुका त्यांनी सवयीनं मनात टिपल्या. पाचव्या वाक्यापाशी टिपणं चुकलं, कारण सहावं आधीच आलं होतं.

"धिस इज टू मच ना वहिनी. इन माय होल सर्व्हिस आय नेव्हर लेट एनीथिंग ओव्हरफ्लो."

"नेव्हर? युअर दिग्रस बस वॉज कमिंग विथ पीपल ऑन द टप. आय वॉज ऑन द टप ओनली."

"दॅट वॉज यात्रा स्पेशल तं. डोन्ट ब्रिंग यात्रा इन धिस."

"वन बाय वन, वन बाय वन," कांताबाईंचा आवाज त्यांच्या गॅलरीतून आला. "लेट हर कम्प्लीट, देन यू स्टार्ट. अँड राठोड भाऊ, डोन्ट राइज युअर बीपी."

सरांच्या तोंडातला गूळ विरघळत होता आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट येत होती. यातलं कोणीही शब्द शोधत नव्हतं. सगळी हयात त्यांनी अशा मुलांसमोर काढली होती, जी इंग्रजी बोलताना छताकडे पाहत, घाम पुसत आणि तोंडात आलेलं वाक्य गिळून टाकत. त्यांना वाटे, मुलांना इंग्रजी येत नाही. इथे इंग्रजी पन्हाळीसारखं वाहत होतं. आणि त्याला रीत होती. 'काइंडली' वाटेल तिथे येत नव्हतं. ते बरोबर तडाख्याच्या आधी येई, जशी गाडी पुढे काढण्याआधी एसटी हॉर्न देते. 'ना' आणि 'तं' वाक्याच्या शेवटी येऊन समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत, म्हणजे घाव बसावा पण माणूस पडू नये. 'ओनली' हा शब्द सरांनी शेकडो वर्गांत जागेवर बसवला होता. विमलताईंनी तो राठोडांच्या आधी ठेवून एका माणसाचा आजार, नोकरी आणि निवृत्तिवेतन एका फटक्यात काढून घेतलं. पुस्तकातल्या जागी ठेवला असता तर हे झालं नसतं.

माझी बायको, सरांच्या मनात आलं, इतकी वर्षं माझ्या घरात हे घेऊन राहिली.

बाहेर दम लागला होता. कुठलंही भांडण जिथे येतं त्या जागी ते आलं होतं; पुढे गेलं तर खरं होईल, मागे गेलं तर कमीपणा.

"ओके," हिरासिंग म्हणाले. "वहिनी, डू वन थिंग."

सगळं थांबलं. कांताबाईही थांबल्या. जाळीमागे सरही श्वास धरून उभे राहिले. ती एक गोष्ट कोणती हे हिरासिंगांना माहीत नव्हतं, विमलताईंना माहीत नव्हतं. पण ती आहे, आणि आता येईल, एवढ्या भरवशावर दोन माणसं भांडण हातात धरून उभी होती. लाल शाईनं आपण इतकी वर्षं काय खोडत होतो, ते सरांना त्या शांततेत दिसलं.

"गहू आय विल गिव्ह," हिरासिंग म्हणाले. "यू मेक. आय विल सिट ऑन युअर गच्ची अँड ड्राइव्ह अवे द चिमण्या. होल डे."

"अँड टी?"

"टी इज युअर साइड."

"ओके देन," विमलताई म्हणाल्या आणि आत आल्या. सर गूळ गिळून तिथेच उभे होते. "काय पाहता? झालं की नाई रेकॉर्ड?"

"उत्तम होतं," सर मराठीत म्हणाले.

रेकॉर्डिंग मंजूर झालं. निकिताचा फोन आला तेव्हा मागे दोनतीन जणांचं हसणं ऐकू येत होतं. पण अडचण उरली होती. ऐकणाऱ्या मंडळींपैकी कोणी तामिळनाडूचं, कोणी बंगालचं. त्यांना यातलं पुष्कळ उमगत नव्हतं. निकिताला बरंचसं कळत होतं, पण का कळतंय ते सांगता येत नव्हतं. 'टी इज युअर साइड' म्हणजे चहा कोणाचा? 'काइंडली' विनंती असेल तर बाईंचा आवाज चढला का?

सरांनी समजावून सांगायला घेतलं. जिथे आवाज खाली येतो तिथे माघार नाही, दम आहे. टप कोणता, यात्रा कोणती. 'तं' कुठे मऊ होतो आणि कुठे दात दाखवतो. ते एका वाक्यापाशीही अडखळले नाहीत. विमलताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सरांनी एकदाही 'चूक' हा शब्द वापरला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी न मागता चहा टाकला.

"सर," निकिता शेवटी म्हणाली, "तुमचा आवाज आपल्याकडचा राहिला नाही. पण कान पक्का यवतमाळचा आहे. जिल्ह्याची सगळी रेकॉर्डिंग्ज तुमच्याकडे पाठवली तर चालतील? ऐकायला?"

तेव्हापासून बाभुळगावचा एक कृषी दुकानदार, घाटंजीच्या दोन मैत्रिणी आणि वणीचा एक ट्रकमालक सरांच्या कानात बोलू लागले. सर सकाळी डोळे मिटून ऐकत बसत. मध्येच हसत. भाजी चिरता चिरता विमलताई म्हणत, "काय म्हनते तो ट्रकवाला?" आणि सर सांगत.

राहता राहिला फ्लेक्स.

एका संध्याकाळी सर बाजारातून पायी येत होते. पिशवीत वांगी होती. कोपऱ्यावरून वळताना त्यांना फ्लेक्सखाली गर्दी दिसली. हिरासिंग शिडीवर होते आणि त्यांनी 'आवाज' या शब्दावर पांढरा कागद चिकटवून त्यावर 'कान' असं लिहिलं होतं. 'यवतमाळ जिल्ह्याचा कान.' वाक्य जुळलं होतं, हे सरांनी सवयीनं पाहून घेतलं. कागद मात्र तिरपा होता.

"मिस्टर राठोड, धिस कान इज फॉलिंग ऑन वन साइड," खालून विमलताई म्हणत होत्या. "अँड इफ ही इज कान, देन आवाज हू? आवाज मी अँड यू. व्हेअर इज माय फोटो?"

"वहिनी, फॉर फोटो होल फ्लेक्स हॅज टू चेंज. काइंडली अंडरस्टँड."

"युअर फोटो इज ऑलरेडी देअर. बिगर दॅन हिम."

"दॅट वॉज फ्लेक्सवाला मिस्टेक."

"वन बाय वन," कांताबाई म्हणाल्या, आणि त्यांना सर दिसले. मग विमलताईंना दिसले. मग शिडीवरून हिरासिंगांना.

सर जागच्या जागी उभे राहिले. इतकी वर्षं या कोपऱ्यावर येऊन थांबणारी गोष्ट आता थांबेल, म्हणून ते वाट पाहत होते.

"धिस मिस्टेक इज कमिंग फ्रॉम फर्स्ट डे ओनली," विमलताई म्हणाल्या, आणि सरांकडे बघतच पुढे म्हणाल्या, "आस्क हिम."

"हां, सर, यू ओनली टेल," हिरासिंग शिडीवरून म्हणाले. "यू कम इन बिटवीन."

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी पिशवी खाली ठेवली. तर्जनी वर गेली. त्यांनी ती या वेळी धरली नाही.

"डू वन थिंग," ते म्हणाले.

शिडी हलायची थांबली. कांताबाई गर्दीतून पुढे सरकल्या. विमलताई ओठ घट्ट मिटून पाहत होत्या.

ती गोष्ट कोणती, ते सरांना अजून सुचायचं होतं.